त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, तिची कोण ऐकणार?

उल्हासनगरात ३० मार्च १९९० रोजी दहावीची परीक्षा चालू असताना रिंकू पाटील या विद्यार्थिनीला परीक्षेच्या वर्गात घुसून, पेट्रोल ओतून जिवंत जाळण्यात आले. जाळणारा तरुण तिच्या मागे लागलेला होता आणि तिचा नकार त्याला सहन झाला नव्हता. समोर उत्तरपत्रिका, आजूबाजूला तिच्याच वयाच्या मुली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हा प्रकार घडला. साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली, मोर्चे निघाले, अग्रलेख लिहिले गेले. या गोष्टीला आता पस्तीस वर्षे उलटून गेली. त्या वर्षी जन्मलेल्या मुली आज स्वतः शाळकरी मुलींच्या आया आहेत. तरी उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या कामगार वस्तीत, बदलापूरच्या चाळीत पन्नाशीच्या पुढच्या कोणाही बाईला विचारा, ते नाव तिला आठवते. नाव आठवते आणि त्यापाठोपाठ हेही आठवते की तेव्हा घरात मुलींना काय काय सांगितले गेले : सरळ जा, सरळ ये, खाली मान घालून चाल, कोणाशी बोलू नको.

त्या वेळी मुलांना काय सांगितले गेले, असे आम्ही अनेकांना विचारून पाहिले. कोणाला काही आठवले नाही.

वर्तमानपत्रांत अशा बातमीसाठी एक ठराविक शब्दप्रयोग आहे, ‘एकतर्फी प्रेमातून’. तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. सांगलीत १९९८ साली महाविद्यालयीन मुलीचा भररस्त्यात खून झाला, तो एकतर्फी प्रेमातून. २ मे २०१३ रोजी दिल्लीहून कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात नर्सची नोकरी धरायला आलेल्या मुलीवर वांद्रे टर्मिनसवर अॅसिड फेकले गेले आणि महिनाभर झुंजून ती गेली, तेही एकतर्फी प्रेमातून. तिचा शेजारीच दिल्लीपासून तिच्या मागावर आला होता. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला रस्त्यात पेटवले, १० तारखेला तिने नागपुरात प्राण सोडला, पुन्हा तेच शब्द.

आमचे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. वहीत एखादी नोंद एकाच बाजूला दिसली, समोर तिची जोड सापडली नाही, तर आम्ही तिला चूक म्हणतो, नाहीतर अफरातफर म्हणतो. तिला उत्पन्न म्हणण्याची हिंमत कुठलाही हिशेबनीस करणार नाही. मग माणसाच्या बाबतीत ही मुभा का? दुसऱ्या बाजूने ‘नाही’ आलेले असताना जे उरते त्याला हव्यास म्हणा, हट्ट म्हणा, मालकी म्हणा. ‘प्रेम’ हा शब्द तेवढा त्याला लावू नका. तो लावला की खुनाच्या बातमीतही मुलाबद्दल थोडी हळहळ शिरते : बिचारा, फार जीव होता त्याचा तिच्यावर.

पडद्यावरचा आणि पुस्तकातला

ही हळहळ येते कुठून? पुष्कळ जण पटकन सिनेमाकडे बोट दाखवतात. ‘डर’ हा हिंदी चित्रपट २४ डिसेंबर १९९३ रोजी आला. त्यातला राहुल मुलीला वेळीअवेळी फोन करतो, ती कुठे आहे, काय करते हे त्याला ठाऊक असते, छातीवर चाकूने तिचे नाव कोरतो. तिला त्याची भीती वाटते हे पडद्यावर स्वच्छ दिसते. तरी थिएटरात टाळ्या पडल्या त्या राहुलला. लग्नाच्या नवऱ्याचे काम करणारा सनी देओल बाजूला राहिला, आणि पुढे कितीतरी दिवस नाक्यावरची पोरे राहुलची नक्कल करून मुलींची नावे तोतऱ्या जिभेने घेत. पण उल्हासनगरची घटना त्याच्या पावणेचार वर्षे आधीची. म्हणजे सिनेमाने रोग निर्माण केला नाही, असलेल्या रोगाला गाणे आणि टाळी मिळवून दिली, एवढेच म्हणता येईल. तेही थोडेथोडके नाही म्हणा.

आता सिनेमा थिएटरात राहिला नाही, तो हातातल्या फोनमध्ये आला. गाडीला बायकांच्या डब्यात आमच्या मुली कानात वायर घालून ज्या परदेशी मालिका बघतात त्यांत एक ‘यू’ नावाची आहे. यू म्हणजे ‘तू’. ती ज्या कादंबरीवर बेतली आहे ती कॅरोलिन केपनेस या अमेरिकन लेखिकेने २०१४ साली लिहिली. प्रेम, रहस्य आणि थरार एकत्र. आमच्या पिढीने भाड्याच्या वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांचा ‘झुंझार’ आणि ‘काळा पहाड’ रात्र रात्र जागून वाचला, त्यामुळे रहस्यकथेला नाके मुरडण्याचा अधिकार आम्हाला नाही. उलट या कादंबरीची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

न्यूयॉर्क शहरात ज्यो नावाचा तरुण पुस्तकाच्या दुकानात कामाला असतो. एक मुलगी पुस्तक घ्यायला येते, चार शब्द हसून बोलते, कार्डाने पैसे देते. कार्डावर तिचे नाव असते. तेवढे नाव त्याला पुरते. तिने आपले सगळे काही फोनवरच्या वहीत उघडे टाकलेले असते : कुठे राहते, कोणाबरोबर फिरते, आज काय खाल्ले, उद्या कुठे जाणार. तो तिच्या घरासमोर जाऊन उभा राहतो. पुढे एका अपघातातून तो तिला वाचवतो, आणि त्या गडबडीत तिचा फोन आपल्याकडे ठेवून घेतो. तिने नवा फोन घेतला तरी जुना चालूच राहतो आणि तिचे सगळे निरोप तो वाचत बसतो. तिला काय आवडते ते आधीच माहीत, म्हणून तो नेमका तिच्या मनासारखा वागतो. तिला वाटते, देवाने जोडी जमवली! मग तिच्या आयुष्यातली जी माणसे त्याला आड येतात ती एकेक नाहीशी होतात. शेवटी तीही त्याच्याच हातून मरते.

कादंबरीतली खरी मेख अशी की सारी गोष्ट ज्योच्या तोंडून येते. ‘तू अशी केलीस, तू तशी हसलीस’, असे तो तिला उद्देशून बोलत राहतो. माणूस हुशार आहे, विनोदी आहे, पुस्तके वाचणारा आहे. पन्नास पानांत वाचक त्याच्या बाजूचा होऊन जातो आणि तिची चीड यायला लागते. लेखिकेने ते जाणूनबुजून केले आहे, वाचणाऱ्याला स्वतःचीच भीती वाटावी म्हणून. पण मालिका गाजली तेव्हा कित्येक मुली ‘मला असा प्रियकर हवा’ म्हणून लिहू लागल्या, आणि जानेवारी २०१९ मध्ये ज्योचे काम करणाऱ्या नटालाच त्यांना सांगावे लागले की अहो, हा खुनी आहे.

याच जातीची जुनी कादंबरी इंग्लंडात जॉन फाउल्सने १९६३ साली लिहिली होती, ‘द कलेक्टर’. तिचा नायक आमच्याच बिरादरीतला, नगरपालिकेच्या कचेरीतला कारकून. फुलपाखरे पकडून टाचण्या टोचून ठेवण्याचा त्याला नाद. चित्रकला शिकणारी एक मुलगी तो लांबून बघत असतो. फुटबॉलच्या पैजेत त्याला मोठे घबाड लागते, तेव्हा तो गावाबाहेर घर घेतो, तळघर सजवतो आणि तिला पळवून तिथे कोंडतो. अंगाला हात लावत नाही, हवे ते आणून देतो, आणि मनात म्हणतो की आता ही माझ्यावर प्रेम करील. ती आजारी पडून तिथेच मरते. पण त्या पुस्तकात एक मोठा फरक आहे. अर्धी गोष्ट त्याने सांगितल्यावर तिची रोजनिशी सुरू होते. तेच दिवस, तेच तळघर, आणि आता बोलते ती. तिच्या लेखी तो प्रियकर तर नाहीच, तो हवा अडवून बसलेला माणूस आहे. दोन्ही पुस्तके वाचणाऱ्याला हा फरक फार जाणवतो. तिची वही मिळाली की ‘बिचारा’ हा शब्द तोंडातून निघत नाही.

आमच्या वाचकांना याहून कितीतरी जुनी एक गोष्ट ठाऊक असेल. थेरीगाथेत सुभा थेरी जीवकाच्या आंबराईतून चाललेली असते. एक तरुण तिची वाट अडवतो, तिच्या रूपाची, विशेषतः डोळ्यांची स्तुती करू लागतो. ती सांगते, वाट सोड. तो ऐकत नाही. ती पुन्हा सांगते, समजावते. तो डोळ्यांचेच कौतुक चालू ठेवतो. तेव्हा ती आपला डोळा काढून त्याच्या हातावर ठेवते. तो हादरतो, क्षमा मागतो. विहारात ही कथा सुभेच्या वैराग्याची म्हणून सांगतात आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र तिच्यातले आणखी एक दिसते. त्या तरुणाने सुभा पाहिलीच नव्हती, डोळे पाहिले होते. समोरची बाई तोंडाने काय बोलते आहे ते त्याच्या कानापर्यंत जातच नव्हते. आणि त्याचा हट्ट सुटावा म्हणून किंमत कोणी मोजली? चालत निघालेल्या बाईने. अडीच हजार वर्षांनी आमच्या घरांत त्याहून निराळे काय चालले आहे?

नाक्यावरून फोनमध्ये

पूर्वी मागे लागणाऱ्या मुलाला पायपीट करावी लागे. नाक्यावर उभे राहा, उल्हासनगर स्टेशनच्या पुलावर उभे राहा, क्लास सुटायची वेळ लक्षात ठेवा, मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी द्या. तो दिसत असे. किराणावाला बघायचा, शेजारची मावशी बघायची, कोणीतरी हटकायचे, ‘काय रे, रोज इथं काय काम तुझं?’ नंतर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ आले, रुपयाच्या नाण्याचे फोन आले. मग शेजाऱ्यांकडच्या फोनवर मुके फोन येऊ लागले. उचलला की पलीकडे नुसता श्वास. तरी रात्री दार लावले की मुलगी घरात सुरक्षित, एवढी सोय होती.

ती सोय गेली. भारतात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात झाले, त्या वेळी ते श्रीमंतांचे खेळणे होते. सप्टेंबर २०१६ पासून स्वस्त इंटरनेटची चढाओढ लागली आणि फोन झोपडीत आला. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर भरू लागल्या, तेव्हा ज्या बापांनी मुलीला फोन कधीच दिला नसता त्यांनी कर्ज काढून दिला. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मागावर असलेला माणूस आता पुलावर उभा राहत नाही, उशीजवळ असतो. त्याला किराणावाला बघत नाही, मावशी बघत नाही. मुलगी एकटीच बघते.

नंबर त्याला मिळतो कसा? पुष्कळदा आपणच देतो. २०१७ साली उत्तर प्रदेशात उघड झाले की रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते. रूप बघून भाव, पन्नास रुपयांपासून पाचशेपर्यंत. आपल्याकडे असे होत नसेलच, या भरवशावर राहू नये. रिचार्ज घरच्या कर्त्याने करावे किंवा मुलीने स्वतःच्या फोनवरून करावे, दुकानाच्या वहीत तिने आपला नंबर लिहू नये.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो ओळखीचा माणूस करतो. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ म्हणून एक जागा असते. आपल्या फोनवरचे निरोप संगणकावर दिसावेत म्हणून ती सोय. कोणी ‘जरा फोन दे, एक फोटो पाठवायचाय’ म्हणून मिनिटभर फोन घेतला आणि त्या चौकोनी काळ्या-पांढऱ्या खुणेवर धरला, की त्या दिवसापासून मुलीचे सगळे निरोप त्याच्या यंत्रावर दिसू लागतात. तिला वाटते, याला माझ्या मनातले कसे कळते? प्रेमाचा चमत्कार वगैरे काही नसतो, ती कादंबरीतल्या ज्योचीच युक्ती. ही जागा उघडून पाहिली तर जोडलेल्या यंत्रांची यादी दिसते, अनोळखी नावावर बोट ठेवले की ते तोडता येते. नकाशात आपण कुठे आहोत हे दुसऱ्याला दाखवत ठेवण्याची सोयही अशीच एकदा चालू करून दिली की चालूच राहते. महिला मंडळाच्या बैठकीत पाककृतीबरोबर एवढे दोन-तीन धडे घ्यायला हरकत नाही. शिकवायला बाहेरचा वक्ता लागत नाही, नववीतली कोणतीही मुलगी शिकवील.

तिसरा प्रकार फोटोचा. मुलीचा साधा फोटो उचलून त्यावर दुसरे शरीर जोडायचे आणि ‘बोलली नाहीस तर सगळीकडे टाकतो’ अशी धमकी द्यायची. आता हे काम यंत्र आपोआप करते, कसब लागत नाही. म्हणून ‘तिने फोटो काढलाच कशाला’ हा प्रश्न निरर्थक झाला आहे. गणवेशातला गॅदरिंगचा फोटोही पुरतो.

घरात काय होते

वस्तीत काम करताना अशा तक्रारी आमच्यापर्यंत येतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो, आणि गोष्ट बहुतेक सारखीच असते. मुलीला तीन-चार महिने निरोप येत असतात. ती घरी बोलत नाही. का बोलत नाही? तिला पक्के ठाऊक असते की बोलली तर पहिला फोन जाईल, मग क्लास जाईल, मग कॉलेज जाईल, आणि दिवाळीनंतर मामा स्थळ घेऊन येईल. ती गप्प बसते म्हणून त्याचे धाडस वाढते. शेवटी कोणीतरी काकाला येऊन सांगते, भाऊ चार मित्र घेऊन मारामारीला जातो, आणि तिकडे मुलीचा फोन चुलीत नाहीतर पेटीत. त्या फोनमध्ये त्याचे सगळे निरोप होते, वेळेसकट, तारखेसकट. ती एकमेव पुराव्याची वही, आणि ती आपणच जाळतो.

आणि शाळा थांबते. डोळा काढून देणे म्हणतात ते हेच. त्रास दिला त्याने आणि घर बसली ती. बदलापूरहून ठाण्याला नर्सिंगला जाणारी मुलगी, अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाऊन बाहेरून बीए करणारी मुलगी, यांच्यामागे दोन-दोन पिढ्यांची उपासमार आहे. ज्यांच्या आजीला सही करता येत नव्हती त्यांची नात बारावीपर्यंत पोहोचली, आणि एका उनाडाच्या हट्टापायी तिला मागे ओढायचे? २० जुलै १९४२ रोजी नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की मुलींच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची दासी न होता बरोबरीची मैत्रीण म्हणून उभे राहावे. ज्या मुलीच्या ‘नाही’ला माहेरीच किंमत नाही ती सासरी बरोबरीने कशी उभी राहील?

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आमच्या लिहिण्याचा उलटा उपयोग व्हायचा. मुलीचे स्वतःच्या मनाने कोणावर प्रेम असेल, मुलगा परजातीतला असेल, तर त्याला ‘मागे लागला’ म्हणून पोलिसात देणे हा निव्वळ खोटेपणा आहे. आमच्या समाजाने आंतरजातीय लग्नांना पाठबळ दिले आहे आणि त्यापायी मारही खाल्ला आहे. फरक ओळखायला कुठलीही विद्या लागत नाही. मुलीला विचारायचे. तिला काय हवे ते तीच सांगू शकते, आणि तिने सांगितलेले खरे धरायचे.

मुलग्यांच्या आयांनाही दोन शब्द. आपला मुलगा रात्र रात्र फोन घेऊन बसतो, एका मुलीचे नाव हातावर ब्लेडने कोरतो, ‘ती नाही तर मी जगणार नाही’ म्हणतो, तेव्हा ‘वय आहे, जाईल’ म्हणून सोडू नका. मरण्याची धमकी हीसुद्धा धमकीच असते आणि मुलगा खरोखर बुडतही असतो. सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे नेण्यात कमीपणा नाही. आणि नकार घरातच शिकवावा लागतो. बहिणीने ‘माझ्या वहीला हात लावू नको’ म्हटल्यावर आई जर ‘दे गं, भाऊच आहे’ म्हणत असेल, तर पहिला धडा तिथेच चुकला.

कायदा हाताशी

रिंकू पाटीलच्या वेळी पाठलाग हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ साली भारतीय दंड विधानात कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ झाले आहे. मुलीने नको म्हटले असूनही वारंवार तिचा पाठलाग करणे, संपर्क साधणे, किंवा ती इंटरनेट, ईमेल वगैरे कसे वापरते यावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पण जामीन मिळतो. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत आणि जामीन हक्काने नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदाही लागतो, लैंगिक हेतूने फोनवरून सतत मागे लागणे त्यातही येते. अनुसूचित जातीचा दाखला असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल तर अॅट्रॉसिटीचे कलम लावण्याचा आग्रह धरता येतो.

कलमातला ‘वारंवार’ हा शब्द आणि ‘नको म्हटले असूनही’ हे शब्द नीट लक्षात ठेवा, वकील तिथेच बोट ठेवतो. म्हणून मुलीने एकदा, एकदाच, स्वच्छ मराठीत लिहून कळवावे : मला तुमच्याशी बोलायचे नाही, पुन्हा संपर्क करू नका. त्यानंतर उत्तर देऊ नये, शिवी देऊ नये, समजूत घालू नये. आणि काही पुसू नये. निरोपांचे फोटो काढून ठेवावेत, त्यात नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. मूळ निरोप फोनमध्ये तसेच राहू द्यावेत, कारण कोर्टात मूळ यंत्राला किंमत असते. जोडीला साधी दोनशे पानी वही करावी : अमुक तारखेला विठ्ठलवाडी स्टेशनवर उभा होता, अमुक तारखेला रात्री ११ वाजता नव्या नंबरावरून फोन. फाउल्सच्या कादंबरीतली मुलगी तळघरात लिहीत होती ती वही कोणाच्या उपयोगी पडली नाही. ही पडेल.

मुंबईत २००९ साली एका तरुणीला कचेरीतल्या सहकाऱ्याचे अश्लील ईमेल येऊ लागले. त्याची लग्नाची मागणी तिने नाकारली होती. ईमेल निनावी होते, तिने ते जपून ठेवून पोलिसांकडे दिले आणि पोलीस त्याच्या संगणकापर्यंत पोहोचले. २०१५ साली त्याला शिक्षा झाली, महाराष्ट्रातल्या अशा गुन्ह्यातली ती पहिली म्हणून नोंदली गेली. शिक्षा काही महिन्यांचीच आणि लागलेला वेळ सहा वर्षांचा, हे आम्ही लपवीत नाही. पण कोर्टात बोलली ती मुलगी, आणि तिचे म्हणणे निकालात उतरले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. ‘ही आमची हद्द नाही’ हे ऐकून परत फिरू नका. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवून घेणे १ जुलै २०२४ पासून कायद्यातच लिहिलेले आहे, त्याला शून्य क्रमांकाचा गुन्हा म्हणतात. तातडीला ११२ नंबर आहे. राष्ट्रीय सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. बनावट किंवा उघडावाघडा फोटो टाकला गेला असेल तर मुलीच्या तक्रारीवरून तो काढण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले आहे, तेव्हा त्या अॅपमध्येच आधी तक्रार करावी, पण तत्पूर्वी त्याचा फोटो काढून ठेवावा. वकिलाचे पैसे कुठून आणू, ही काळजी नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कोर्टात विधी सेवा समितीची खोली असते, तिथे साधा अर्ज द्यायचा.

ठाण्यात जाताना मुलीबरोबर दोन माणसे असावीत, त्यांत एक बाई. चार-पाच जणांचा घोळका नको, पोलीस त्याच्याशीच बोलत बसतात आणि मुलगी बाकावर राहते. जबाब मुलीचा, तो तिनेच द्यावा. बापाने किंवा कार्यकर्त्याने मध्ये बोलू नये. लिहून झाल्यावर तिने तो स्वतः वाचून पाहावा, ‘एकतर्फी प्रेमातून’ असे कोणी सवयीने लिहिले असेल तर ते तिथेच खोडायला लावावे, मग सही करावी. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात आल्याशिवाय उठू नये.